वेडा राघू परत येतो तेव्हा : छोटे पक्षी उडताना टिपायचे कसे

तारेवर बसलेल्या वेड्या राघूचा फोटो कुणालाही जमतो. तो मान तिरकी करून माशीवर नजर ठेवतो, आपण बटण दाबतो, काम झाले. तो उडाला की मात्र कॅमेऱ्यात सापडते ती रिकामी तार, नाहीतर कोपऱ्यात अर्धी शेपटी, नाहीतर एक हिरवट डाग. मग कॅमेऱ्याला नावे ठेवली जातात, लेन्स कमी पडते असे वाटू लागते. बऱ्याचदा दोघांचाही दोष नसतो. चिमणीएवढ्या पक्ष्याला हवेत टिपणे हे मुख्यतः अंदाजाचे काम आहे. पक्षी पुढच्या क्षणी कुठे असेल हे आधी ठाऊक हवे, आणि कॅमेरा तिथे आधीच रोखलेला हवा. असे का, ते थोड्या हिशेबाने स्पष्ट होते.

भिंगरी (इंग्रजीत स्वॅलो) साधी उडत असताना सेकंदाला साधारण ८ ते १० मीटर जाते. ती तुमच्यापासून १० मीटरवरून आडवी चालली आहे आणि हातात ४०० मिलिमीटरची लेन्स आहे, असे धरा. मोठ्या सेन्सरच्या फुल-फ्रेम कॅमेऱ्यात त्या अंतरावर चौकटीची रुंदी भरते अवघी ९० सेंटिमीटर. त्याहून लहान एपीएस-सी सेन्सर असेल तर ५९. म्हणजे एवढी रुंदी पार करायला पक्ष्याला सेकंदाच्या दहाव्या भागाइतकाही वेळ लागत नाही. उलट डोळ्याला काही दिसल्यावर बोट हलायला माणसाला सेकंदाचा पाचवा भाग तरी लागतो. पक्षी चौकटीत दिसला की बटण दाबू, असे ठरवणाऱ्याच्या हाती कायम रिकामे आकाशच लागणार.

आता धूसरपणाचा हिशेब. हीच भिंगरी, हीच लेन्स, कॅमेरा स्थिर आणि शटर १/२०००, म्हणजे ते सेकंदाचा दोन हजारावा भागच उघडे राहते. तेवढ्या क्षणात पक्ष्याची प्रतिमा सेन्सरवर ०.२ मिलिमीटर सरकते. ऐकायला किरकोळ वाटते, पण सेन्सरचा एक पिक्सेल ०.००४ मिलिमीटरचा असेल तर ही पन्नास पिक्सेलची फरफट झाली. शटर दुप्पट करून १/४००० केले तरी पंचवीस उरतातच. याउलट शटर १/२००० वरच ठेवून लेन्स पक्ष्याबरोबर फिरवली आणि नव्वद टक्के वेग जुळला, तर फरफट पाचवर येते. दोन्ही एकत्र केले तर अडीचवर. शटर वाढवून दुपटीचा फायदा मिळतो, हात नीट फिरवून दहापटीचा. नवीन कॅमेऱ्यासाठी पैसे साठवण्याआधी हा आकडा लक्षात घ्यावा.

पंखांचे गणित वेगळे आहे, कारण शरीराशी वेग जुळला तरी पंख खालीवर होतच असतात. चिमणीएवढा पक्षी सेकंदाला साधारण पंधरा वेळा पंख मारतो. पंख १० सेंटिमीटर लांब आणि वरून खालपर्यंतची फेक १२० अंशांची धरली, तर पंख मधोमध असताना त्याच्या टोकाचा वेग सेकंदाला १० मीटरच्या आसपास जातो. १/३२०० च्या शटरमध्येही टोक ३ मिलिमीटर हलते. पिसांची टोके मऊ दिसतात ती यामुळे. पण पंख पूर्ण वर गेला की क्षणभर थांबतो, पूर्ण खाली आला की पुन्हा थांबतो, आणि त्या दोन क्षणांना १/२००० मध्येही पिसन् पीस मोजता येते. म्हणून सलग काढलेल्या एका झडीतल्या दहा फ्रेम तपासताना आधी पंख टोकाला पोचलेल्या बघाव्यात. दिसायलाही त्याच देखण्या असतात. पंख मधल्या फेकीत आडवे असले तर पक्ष्याला सुताएवढे दोन पातळ पंख फुटल्यासारखे दिसतात.

कोणापासून सुरुवात करावी

सगळे छोटे पक्षी सारखे उडत नाहीत, आणि इथली निवड चुकली की दोन महिने वाया जातात. मुनिया, चिमण्या, धोबी यांचे उडणे हिंदोळ्यासारखे असते: चार-सहा वेळा पंख मारायचे, मग पंख अंगाशी मिटून गोळीसारखे पुढे जायचे, जरा खाली आले की पुन्हा पंख मारायचे. धोबी तर ही लाट इतकी स्पष्ट काढतो की लेन्स सरळ रेषेत फिरवणाऱ्याच्या चौकटीत तो कधी वर, कधी खाली निसटतो. शिवाय निम्म्या फ्रेममध्ये पंखच नसतात. वटवट्या आणि शिंपी झुडपातून झुडपात जातात, मोकळ्या हवेत ते सेकंदभरच दिसतात. हे सगळे नंतरचे पक्षी.

पहिला पक्षी कवड्या खंड्या धरावा. तलावावर काळा-पांढरा, पाण्याच्या पाच-सात मीटर वर एकाच जागी पंख फडफडवत थांबतो, डोके खाली, नजर माशावर. शरीर जवळजवळ स्थिर असल्याने फोकस धरायला वेळ मिळतो आणि पंखांचा वेग काय असतो ते पडद्यावर स्वच्छ कळते. त्याच्यावर १/१०००, १/२०००, १/३२०० अशी तिन्ही शटर वापरून फोटो शेजारी शेजारी लावून बघा. वरचे सगळे गणित डोळ्यांनी दिसेल.

दुसरा वेडा राघू. तो काही वेळा पंख मारून मग ते पसरून तरंगतो, आणि त्या तरंगण्यात तांबूस-सोनेरी पंख पूर्ण उघडे असतात. त्याहून महत्त्वाची त्याची सवय: ठरलेल्या फांदीवरून झेपावतो, माशी पकडतो, आणि पुष्कळदा त्याच फांदीवर परत येऊन ती आपटून खातो. परत येणारा पक्षी म्हणजे आधी कळलेली जागा.

फांदी, वारा आणि सूर्य

नागपूरच्या भोवती शेताच्या धुऱ्यावरची एखादी वाळकी बाभूळ किंवा कुंपणाचा खांब, ज्याच्याखाली पांढरे शिंतोडे साचले आहेत, ही वेड्या राघूची रोजची बैठक समजावी. काटोल रस्त्याकडच्या संत्राबागांत आंबिया बहार फुलला की मधमाश्या येतात आणि त्यांच्यामागे हा येतो. शेतमालकाला विचारून आत जावे. पहिली पंधरा-वीस मिनिटे कॅमेरा पिशवीतच राहू द्यावा आणि फक्त बघावे: कोणत्या बाजूने झेपावतो, कोणत्या बाजूने परततो, दहातल्या किती वेळा त्याच टोकावर बसतो. दहातल्या सहा वेळा बसत असेल तर फांदी चांगली. त्याहून कमी असेल तर दुसरी शोधावी. समोरची आडवी येणारी डहाळी तोडायची नाही. आपण दोन पावले सरकायचे.

पक्षी बहुधा वाऱ्याकडे तोंड करून बसतो, आणि फांदीवरून उडतो-उतरतोही तसाच. चिमूटभर कोरडी माती हवेत सोडली की वारा कळतो. हिवाळ्यातल्या सकाळी आपल्याकडे तो बहुधा उत्तर-पूर्वेकडून मंद असतो. म्हणजे राघू शेवटच्या टप्प्यात दक्षिण-पश्चिमेकडून उत्तर-पूर्वेकडे येणार. आता सूर्य. डिसेंबरमध्ये नागपुरात तो नेमका पूर्वेला उगवत नाही. सुमारे २५ अंश दक्षिणेला सरकून उगवतो आणि साडेआठपर्यंत आग्नेयेकडे कलतो. तुम्ही फांदीच्या आग्नेयेला उभे राहिलात, तर सूर्य बरोबर पाठीशी येतो आणि पक्षी डावीकडून उजवीकडे, तुमच्या सेन्सरला समांतर जातो. ही समांतर रेषा सगळ्यात मोलाची आहे. कारण ३०० मिलिमीटरच्या लेन्सला, एफ ८ वर (हा लेन्सच्या छिद्राचा, म्हणजे ॲपर्चरचा आकडा), ८ मीटर अंतरावर एपीएस-सी कॅमेऱ्यात फोकसची खोली, म्हणजे पुढे-मागे स्पष्ट दिसणारी पट्टी, मिळते जेमतेम २३ सेंटिमीटर. पक्षी तिरका आला तर एवढी पट्टी तो डोळ्याचे पाते लवते न लवते तोच ओलांडतो. समांतर आला तर चौकटभर त्या पट्टीतच राहतो.

लेन्स ४०० असताना ३०० का? कारण ८ मीटरवर ४०० मध्ये एपीएस-सीची चौकट ४७ बाय ३१ सेंटिमीटरची होते, आणि पंख उघडलेला वेडा राघू जवळपास ३० सेंटिमीटरचा. पंख वर गेले की वरून कापले, खाली आले की खालून कापले. ३०० मध्ये ६३ बाय ४२ मिळतात. चौकट मोकळी ठेवणे जिवावर येते हे खरे, पण कापलेला पंख नंतर जोडता येत नाही आणि जास्तीची जागा केव्हाही कापता येते. फांदी चौकटीच्या उजव्या कडेला घ्यावी, डावीकडचा दोन-तृतीयांश भाग रिकामा सोडावा.

कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट. फांदीच्या टोकावर फोकस करून ऑटोफोकस बंद. एक्स्पोजर मॅन्युअल: शटर १/३२००, ॲपर्चर एफ ८, सकाळच्या कोवळ्या उन्हात आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १६००, ऊन चढले की ८००. रिमोटचे बटण हातात, डोळे कॅमेऱ्याच्या बाहेर. व्ह्यूफाइंडरमधून बघायचे नाही, कारण त्यातून पक्षी परत फिरलेला दिसत नाही. राघू माशी पकडून वळला आणि फांदीपासून दोन-तीन मीटरवर आला की बर्स्ट, म्हणजे सलग फोटोंची झड, सुरू करायचा, तो बसला की थांबवायचा. अर्धा ते एक सेकंद पुरतो.

एका फेरीत काय पडते तेही आधी माहीत असलेले बरे, म्हणजे निराशा येत नाही. उतरताना तो वेग कमी करतो. तो सेकंदाला ४ मीटर धरला तर ६३ सेंटिमीटरची चौकट ओलांडायला सेकंदाचा सहावा भाग लागतो. सेकंदाला १० फ्रेम काढणाऱ्या कॅमेऱ्यात त्यातल्या एक-दोन पडतात, २० काढणाऱ्यात तीन. त्यांतही पंखांची जागा, मान कुणीकडे, चोचीत माशी आहे की नाही, हे सगळे एकदम जुळायला वीस-पंचवीस फेऱ्या लागल्या तर त्यात काही वावगे नाही. १८८२ मध्ये फ्रान्समध्ये एतियेन-ज्यूल मारे यांनी पक्ष्यांचे उड्डाण अभ्यासण्यासाठी बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा तयार केला, तो सेकंदाला १२ चित्रे घेत असे. जुना डीएसएलआर आहे म्हणून हिरमुसणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. सेकंदाला सहा-सात फ्रेमचा कॅमेरा या पद्धतीला पुरतो, फेऱ्या तेवढ्या जास्त मोजाव्या लागतात.

पाण्यावरची भिंगरी

भिंगऱ्यांना अशी बैठक उपयोगी नाही. त्या पाण्यावर सारख्या फिरत राहतात. पण त्यांच्याही वाटा ठरलेल्या असतात. तारवाली भिंगरी काठाला समांतर, पाण्याच्या वीतभर वरून, वाऱ्याच्या तोंडावर हळू येते, टोकाला वळते, वाऱ्याबरोबर सुसाट निघून जाते, आणि काही वेळाने पुन्हा त्याच पट्ट्यातून हळू येते. फोटो घ्यायचा तो वाऱ्याच्या तोंडावर येतानाचा. जाताना तिला सोडून द्यावे.

नागपुरातल्या अंबाझरीची पाळ तलावाच्या पूर्वेला आहे, त्यामुळे सकाळी तिथून बघताना सूर्य पाठीशी येतो. फुटाळा तलावावर संध्याकाळी लोक मावळता सूर्य बघत बसतात, म्हणजे तोंड पश्चिमेला. सकाळी तीच जागा पक्ष्यांसाठी उत्तम. जमेल तितके पाण्याच्या पातळीजवळ बसावे. उंच पाळीवरून खाली बघितले तर मागे सगळे पाणीच येते आणि पक्षी त्यात चिकटून दिसतो. खाली बसले की मागचा काठ दूर जातो आणि मऊ होतो. पाण्यावरून परतणारा उजेड भिंगरीच्या पोटाला आणि पंखांच्या खालच्या बाजूला लागतो. तलावावर उडत्या पक्ष्याचे फोटो उजळ येतात, तेही त्यामुळेच.

इथे मात्र हात आणि ऑटोफोकस दोन्ही लागतात. १० मीटरवरून आडव्या जाणाऱ्या भिंगरीसाठी लेन्स सेकंदाला ५७ अंश फिरवावी लागते, ३० मीटरवर १९ अंश, ५ मीटरवर तब्बल ११५. म्हणून ती दूर, २५-३० मीटरवर असतानाच धरायची, तिच्याबरोबर फिरत राहायचे, आणि १० ते १२ मीटरवर आली की बर्स्ट. तिथपर्यंत दोन सेकंद मिळतात आणि तेवढ्यात हाताला तिची लय सापडते. ५ मीटरवरून गेली तर जाऊ द्यावी.

उभे राहताना पावले पक्षी जिथून येतो त्या दिशेला ठेवू नयेत. बर्स्ट जिथे घ्यायचा त्या दिशेला पावले, आणि कंबर मागे पिळून सुरुवात. पक्षी जवळ येईल तसतशी पीळ सुटते आणि नेमक्या क्षणी शरीर सैल, सरळ असते. उलटे केले तर त्याच क्षणी पीळ संपतो, हात अडकतो आणि पक्षी चौकटीतून पुढे निघून जातो. डावा हात लेन्सच्या खाली, जितका पुढे जाईल तितका पुढे. कोपर अंगाला. वळणे कमरेतून, मनगटातून वळवले की लेन्स झटक्याने जाते.

पक्षी व्ह्यूफाइंडरमध्ये सापडतच नाही, ही नव्यांची सर्वांत मोठी तक्रार. तिचे कारण बहुधा नेम नसून फोकस असतो. लेन्स आधीच्या फोटोमुळे चार मीटरवर फोकस होऊन राहिलेली असते. तीस मीटरवरची भिंगरी तिच्यात इतकी विरघळते की चौकटीत असूनही दिसत नाही. कॅमेरा उचलण्याआधी साधारण त्याच अंतरावरच्या एखाद्या वस्तूवर, काठावरच्या दगडावर म्हणा, फोकस करून घ्यावा. झूम असेल तर २०० वर पक्षी धरून मग पुढे जावे. लेन्सवर जवळचे अंतर वगळणारा बटणवजा स्विच असतो, तो दूरच्या टप्प्यावर ठेवावा. म्हणजे फोकस चुकला तरी लेन्स पार जवळ जाऊन परत येण्यात सेकंद घालवत नाही.

फोकसचा प्रकार सतत चालणारा, काही कॅमेऱ्यांत त्याला एएफ-सी म्हणतात, काहींत सर्वो. फोकस अंगठ्याच्या बटणावर घ्यावा आणि शटरच्या बटणावरून काढून टाकावा, म्हणजे पक्षी निसटला की अंगठा उचलून पुन्हा दाबता येतो. फोकसचे क्षेत्र मधले, लहान झोन. नव्या मिररलेस कॅमेऱ्यातली पक्षी ओळखण्याची सोय आकाशावर आणि मोकळ्या पाण्यावर छान चालते. पक्षी चौकटीत मुंगीएवढा असला किंवा मागे बेशरमीची झुडपे असली की ती गोंधळते आणि पानांवर जाऊन बसते. आपल्या तलावांच्या काठी बेशरम भरपूर. तिच्या समोरून भिंगरी जाणार असेल तर ओळखण्याची सोय बंद करून छोट्या झोनवर यावे, आणि फोकस चटकन उडी मारणार नाही अशा संथ बाजूला सेटिंग न्यावे.

उजेड, धुके आणि झळा

भर उन्हातला जुना नियम आजही चालतो: एफ १६ वर शटर आयएसओएवढे. म्हणजे आयएसओ ४०० ला एफ १६ वर १/४००. तिथून एफ ५.६ पर्यंत तीन स्टॉप उघडले (दर स्टॉपला उजेड दुप्पट) की १/३२००. स्वच्छ उन्हात एवढ्या साध्या आकड्यांवर काम होते. नव्या माणसाने मॅन्युअल एक्स्पोजर वापरावे असा आमचा आग्रह आहे, कारण सूर्य तोच असतो. बदलते ती पार्श्वभूमी. भिंगरी आकाशावरून झाडीवर आली की ऑटो मीटर फसतो: आकाशावर पक्षी काळा करतो, झाडीवर पांढरा. हिरव्या गवतावर एक्स्पोजर बांधून घ्यावे. कवड्या किंवा गायबगळ्यासाठी ते एक-तृतीयांश ते दोन-तृतीयांश स्टॉप कमी करावे, नाहीतर पांढरी पिसे जळतात. कोतवालासाठी तितकेच वाढवावे. ढग येत-जात असतील तर मात्र ऑटो आयएसओ सोयीचा. आकाशावरच्या पक्ष्याला एक ते दीड स्टॉप वाढवून ठेवावा.

डिसेंबरअखेर सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो, पण तलावावर धुके आणि शहराकडचा धूर असतो. साडेसात ते साडेनऊ हा खरा वेळ. आयएसओ ३२०० ला घाबरू नये. त्याने फोटोत येणारे दाणे आजच्या सॉफ्टवेअरमध्ये पुष्कळ निवळतात. हललेला पक्षी कशानेच सुधारत नाही. म्हणून आयएसओ कमी ठेवण्यासाठी शटर १/१२५० वर आणणे हा उलटा व्यवहार ठरतो.

एप्रिल-मे वेगळाच. सूर्य साडेपाच-पावणेसहाला वर आणि आठ वाजताच जमीन तापू लागते. मग तीस मीटरवरचा पक्षी कितीही नीट फोकस केला तरी पाण्यातून बघितल्यासारखा येतो. ही जमिनीलगतच्या तापलेल्या, थरथरणाऱ्या हवेची करामत. लेन्सला दोष देऊन काही होत नाही, महागडी लेन्सही तेच दाखवते. उपाय एवढाच: अंतर कमी करावे, डांबरी रस्त्यावरून किंवा नांगरलेल्या उघड्या रानावरून फोटो घेऊ नयेत, आणि आठ-साडेआठला थांबावे. गाडीचा एसी लावून आलेल्यांनी लेन्स काढायच्या आधी काच खाली करून दहा मिनिटे थांबावे. थंड लेन्सच्या आतली आणि समोरची हवा गरम होईपर्यंत तोच लवलवाट घरचा म्हणून येतो.

उडण्याचा क्षण

फांदीवरून झेप घेतानाचा फोटो सगळ्यांना हवा असतो आणि तोच सगळ्यांत जास्त हुकतो. झेपेची खूण दिसल्यापासून बोट दाबेपर्यंत पाचवा भाग सेकंद गेला, तेवढ्यात पक्षी अर्धा मीटर पुढे. खुणा असतात: वेडा राघू मान एका दिशेला रोखतो, अंग जरा दबवतो, बरेच पक्षी उडण्याआधी शिटतात. त्यावर बर्स्ट सुरू करणारे जुने लोक आहेत, आणि त्यांना यश मिळते.

नव्या कॅमेऱ्यांत यासाठी प्री-कॅप्चर असते. बटण अर्धे दाबून ठेवले की कॅमेरा फ्रेम घेत राहतो आणि जुन्या टाकत राहतो. पूर्ण दाबल्यावर त्याआधीच्या सुमारे अर्ध्या ते एक सेकंदाच्या फ्रेमही ठेवतो. पक्षी उडालेला दिसल्यावर दाबले तरी झेप हाती असते. फोकस फांदीवर न ठेवता पक्षी ज्या बाजूला झेपावणार त्या रेषेत हवा, आणि चौकटीत पुढे भरपूर जागा. नाहीतर पहिली फ्रेम शार्प, दुसरीपासून पुढे धूसर.

इथे एक खोच आहे. ही सोय इलेक्ट्रॉनिक शटरवर चालते, आणि बहुतेक सेन्सर चित्र वरून खाली ओळीओळीने वाचतात. वाचायला लागणारा वेळ सेन्सरवर ठरतो. सावकाश सेन्सरला सेकंदाचा तिसावा भाग लागतो, जलद सेन्सरला अडीचशेवा किंवा त्याहूनही कमी. सावकाश वाचणाऱ्या कॅमेऱ्यात वरची ओळ वाचली तेव्हा पंख वर, खालची वाचेपर्यंत खाली, आणि फोटोत पंख केळीच्या पानासारखा वाकलेला. शटर १/८००० असले तरी हे टळत नाही, कारण प्रत्येक ओळीचा क्षणच वेगळा असतो. ग्लोबल शटर असलेले सेन्सर सगळ्या ओळी एकदम घेतात, तिथे हा प्रश्न उरत नाही. सोनीचा ए९ III हा २०२३ मध्ये जाहीर झालेला कॅमेरा त्यातला. आपला कॅमेरा सावकाश वाचणारा असेल तर तरंगणारे, पंख पसरलेले पक्षी इलेक्ट्रॉनिक शटरवर घ्यावेत, फडफडणारे मेकॅनिकलवर.

फोटो बिघडला कशाने, ते फोटोतच दिसते

घरी आल्यावर खराब फ्रेम लगेच पुसू नयेत. त्या शंभर टक्के मोठ्या करून बघाव्यात, कारण प्रत्येक धूसरपणाचा चेहरा वेगळा असतो. मागची पाने, गवत कोरीव आणि पक्षीच मऊ असेल तर फोकस मागे गेला. शटर वाढवून काही होणार नाही, झोन लहान करावा. डोळा आणि छाती स्वच्छ, फक्त पंखांची टोके पुसट असतील तर शटर कमी पडले. पक्षी एकाच दिशेला ओढल्यासारखा असेल, डोळ्याचा ठिपका रेघ झाला असेल, तर हाताचा वेग जुळला नाही. पक्षी आणि पार्श्वभूमी दोन्ही एकाच दिशेला ओढले असतील तर बटण दाबताना कॅमेऱ्याला झटका बसला. आणि कुठेच काही कोरीव नाही, कडा लाटांसारख्या, एका फ्रेममध्ये बऱ्या तर पुढच्यात वाईट, असे असेल तर ती हवा. शेपटी कोरीव आणि डोळा मऊ, ही पक्षी तुमच्याकडे येत असल्याची खूण: फोकस एक फ्रेम मागे राहतो. तिथे एफ ५.६ ऐवजी एफ ८ घ्यावे आणि जागा बदलून पक्षी आडवा जाईल असे बघावे.

एका सकाळच्या हजार फ्रेमपैकी कोणता बिघाड किती वेळा आला ते वहीत लिहून ठेवावे. सातशेमध्ये फोकस मागे गेला असेल तर पुढच्या रविवारी फक्त तेवढ्यावर काम करायचे. हातांच्या सरावासाठी पारवे आणि गायबगळे चांगले. मोठे आणि शहरात कुठेही.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलला की जांभळा सूर्यपक्षी, बुलबुल, पळसमैना सगळे त्यावर तुटून पडतात. पानगळ झालेली असते, म्हणजे आडोसा नाही. सूर्यपक्षी क्वचित फुलासमोर हवेत थांबतो, तो क्षण सेकंदाहून लहान, आणि त्याचे पंख चिमणीहून जलद चालतात, तेव्हा १/४००० च्या खाली येऊ नये. एका घोसावर फोकस करून थांबावे, झाडभर त्याच्यामागे लेन्स फिरवू नये.

याच दिवसांत, फेब्रुवारीपासून जूनपर्यंत, वेडे राघू नदी-नाल्यांच्या मातीच्या काठात बिळे करून अंडी घालतात. बिळाच्या तोंडाशी येणारा पक्षी हे अगदी सोपे लक्ष्य असते, दर काही मिनिटांनी ठरलेल्या जागी परततो, आणि म्हणूनच तिथे कॅमेरा लावायचा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांच्या अंड्यांना आणि घरट्यांना संरक्षण आहे, पण नुकसान त्याच्याही आधी होते. चोचीत माशी धरलेला राघू जवळच्या फांदीवर बसून राहिला, बिळात जाईना, सारखा ओरडू लागला, किंवा बिळावरून फेऱ्या मारून परत फिरला, तर तो तुमच्यामुळे अडला आहे आणि आत पिल्ले उपाशी आहेत. सामान जागेवरच सोडून आधी स्वतः तीस-चाळीस मीटर मागे जावे. तो आत जाऊन बाहेर आला की मगच सामान उचलायला पुढे यावे.